आमच्या इराण्याचं काय करायचं: एका बंद हॉटेलाचं प्रकरण

हॉटेलाचं, कॉलेजचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. गाव पुणे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी पेशाने सीए. आमच्या १९८९च्या बॅचने एका बंद पडलेल्या इराणी हॉटेलासाठी जे काही केलं त्याचा हिशेब माझ्याकडे होता. त्या हिशेबात मीच दोन ठिकाणी घसरलो, तेही पुढे येईल.

पार्श्वभूमी

डेक्कनपासून चालत दहा मिनिटांवर, कॉलेजच्या मागच्या फाटकासमोरचा कोपरा. खाली इराणी, वर माळ्यावर परमिट रूम. खाली संगमरवरी टॉपची अठरा टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्यामागे खारी-नानकटाईच्या काचेच्या बरण्या आणि पारा उडालेला एक मोठा आरसा. बिल कागदावर कधी आलंच नाही. गिऱ्हाईक उठलं की वेटर जागेवरूनच गल्ल्याकडे ओरडायचा, "पुढचा तीन पन्नास, मागचा सहा!" आणि शेठ मान वर न करता तेवढेच पैसे मागायचे.

पुण्यात चहाच्या जागा दोन प्रकारच्या. अमृततुल्यात उभ्याउभ्या प्यायचा आणि सुटायचं. इराण्याकडे बसायचं. हॉस्टेलच्या खोलीत तिघं, सदाशिव पेठेत पेइंग गेस्ट राहणाऱ्यांना घरमालकीण आजींचे नियम, कॉलेजच्या कँटीनला संध्याकाळी कुलूप. चार ते नऊ या वेळात परगावच्या पोराने जायचं कुठे? आमच्यापुरतं उत्तर ते हॉटेल होतं. एका सिंगल चहावर दोन-अडीच तास. शेठनी कधी "उठा" म्हटलं नाही. फार झालं तर मामा, म्हणजे आमचे वेटर, येऊन टेबल पुसायचे. कोरडं टेबल दुसऱ्यांदा पुसलं की समजायचं.

मामा राजापूरकडचे. त्यांना आमची नावं माहीत नव्हती, टेबलं माहीत होती. मी "तीन नंबर". आमच्यातला आजचा एक नामांकित हृदयरोगतज्ज्ञ "मोरीजवळचा".

हॉटेल कसं चालायचं हे तेव्हा कुणाला पडलेलं नव्हतं. जागा पागडीची. भाडं जुन्या काळचं. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ धरली आहे. ती लावत गेलं तरी शेवटपर्यंत महिन्याचं भाडं दोन हजारांच्या आतच राहिलं. खालच्या मजल्यावर फायदा जवळजवळ नव्हता. सगळं वरच्या बिअरवर चालायचं. म्हणजे आमच्या चहाचे पैसे वर बसलेला कुणी एक बँकवाला किंवा एसटीतला माणूस भरत होता, आणि उरलेले जागामालक.

तीन भावांची भागीदारी. एक मेलबर्नला गेला, एक लवकर वारला. परमिट रूमचा परवाना थोरल्यांच्या, म्हणजे आमच्या शेठांच्या नावावर. ते २०१८ मध्ये गेले. वारसाच्या नावाने परवाना करून घेण्यात दीड वर्ष गेलं आणि ते होतंय तोवर मार्च २०२० आला. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, पण निम्मी क्षमता भरायलाही माणसं लागतात. पोरं गावी होती. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा फक्त पार्सल. इराण्याकडून पार्सल कोण नेणार? कॉलेजं नीट सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, तोवर या हॉटेलाचं शटर कायमचं खाली आलं होतं. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. २०२१ च्या मार्चमध्ये नूतनीकरणाचे पैसे भरलेच नव्हते.

नेमका प्रश्न

जानेवारी २०२२ मध्ये हॉटेलाची पाटी उतरवतानाचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. दोनशे बारा जण. पाटी दोघांनी तिरकी धरलेली, एका अक्षराची काच फुटलेली. पुढचे तीन दिवस दुसरा विषय नव्हता. मग कुणीतरी लिहिलं, "आपण काहीतरी केलं पाहिजे." या वाक्याला मी हल्ली घाबरतो. त्यातलं "काहीतरी" जो तो आपल्या मनाने भरतो.

पहिली चूक इथेच झाली. काय करायचं ते ठरण्याआधी पैसे आले. चार दिवसांत अडतीस जणांनी प्रत्येकी वीस हजार पाठवले, तेही एका मित्राच्या साध्या बचत खात्यात. ७,६०,०००. मी सीए असून हे होऊ दिलं. दुसऱ्यांच्या खात्यात असं दिसलं असतं तर मी अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. पैसे कशासाठी, कुणाचे, उरले तर कुणाला परत, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आणखी साधी होती. शेठांच्या घरच्यांना अजून कुणी फोनही केला नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही तिघं त्यांच्या मुलीकडे गेलो. कॅम्पातला फ्लॅट, आमच्याच वयाच्या बाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही पाटीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "मीच उतरवायला लावली. पावसाळ्यात कुणाच्या डोक्यात पडली असती." मग आम्ही आठवणी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतल्या, चहा दिला, आणि विचारलं, "तुम्ही लोक शेवटचं कधी आला होता?"

एकाने २००४ सांगितलं. एकाला आठवेना. माझं २००९, तेही पाऊस आला म्हणून.

"पप्पा शेवटची पाच वर्षं दुपारी गल्ल्यावर झोपायचे," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं बोलल्या.

आम्हाला सगळ्यात हवी होती ती उधारीची वही. ती काचेत लावायची, तिच्यात आपापली नावं शोधायची, असे बेत झाले होते. बाई हसल्या. शेठ दर मार्चला वही फाडून टाकायचे. वसूल न झालेली रक्कम जपून काय करायची, असं त्यांचं म्हणणं. हिशेबनिसाच्या नजरेने बघितलं तर याला बुडीत कर्ज निर्लेखित करणं म्हणतात, आणि बऱ्याच बँकांना ते इतक्या नियमितपणे जमत नाही.

तेव्हा प्रश्न असा झाला: जागा जाणार, मालकांना परत उघडायचं नाही, आमच्याकडे साडेसात लाख आणि भरपूर उत्साह. याचं करायचं काय?

पर्याय

तिथेच परत सुरू करणं हा पहिला पर्याय आपोआप बाद झाला. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली, सात वारसांनी मिळून भाडेकरू हक्क सोडायचं मान्य केलेलं, फक्त रक्कम हातात यायची होती. काही मित्रांना हे "विकून टाकलं" असं वाटलं. आपल्या आजोबांच्या वाड्याचं त्यांनी स्वतः काय केलं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरा पर्याय सगळ्यात लोकप्रिय होता: नाव घ्यायचं आणि बाणेर किंवा कोथरूडला तसंच हॉटेल काढायचं. तसाच आरसा, तशाच बरण्या, भिंतीवर जुने फोटो. दोघं पाच-पाच लाख टाकायला तयार. नावाची ट्रेडमार्क नोंदणी नव्हती, पण म्हणून ते बेवारस होत नाही. भागीदारीची ख्याती वारसांकडे जाते आणि सातांपैकी एकाने तिची किंमत मागितली, दोघांनी "नाव नको वापरू" म्हटलं. तरीही चर्चा थांबेना. शेवटी मी गणित मांडलं. पूर्ण प्रकरणात मला जरा अभिमान वाटावा असं हे एकच काम.

समजा नव्या जागेचं भाडं महिना तीन लाख. हॉटेल व्यवसायात भाडं विक्रीच्या साधारण सहाव्या भागाच्या वर गेलं की मालक झोपत नाही, असा माझा माझ्या अशिलांवरून बांधलेला ठोकताळा आहे. म्हणजे विक्री महिना अठरा लाख हवी. टेबलं अठरा, दिवसाचे बारा तास, महिन्याचे तीस दिवस: ६,४८० टेबल-तास. प्रत्येक टेबलाने तासाला २७८ रुपये द्यायला हवेत, तेही टेबल एक मिनिट रिकामं न राहता. आता आमचं टेबल घ्या. चौघं, चार सिंगल, आजच्या वीस रुपयांनी ऐंशी. बसणार किमान दोन तास. तासाला चाळीस.

म्हणजे आम्हाला जे परत हवं होतं ते दिलं तर हॉटेल बुडणार, आणि हॉटेल चालवायचं तर मामांना वीस मिनिटांनी टेबल पुसायला यावं लागणार. आम्हाला आठवत होती ती बसायची मुभा. तिचा खर्च कोण करत होतं ते आता कागदावर दिसत होतं: जुनं भाडं, वरची बिअर, आणि सकाळी सहा ते रात्री अकरा राबणारी माणसं.

यावर एकाने कोलकात्याचं उदाहरण दिलं. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस १९५८ मध्ये बंद झालं होतं, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते त्याच वर्षी परत उघडलं. खरं आहे. पण त्याच सुमारास कॉफी बोर्ड आपली कॉफी हाऊसं बंद करत होतं आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालनांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, ही १९५७ पासूनची बाजू लोक विसरतात. गिऱ्हाइकांच्या अर्जाने दार उघडलं असेल. रोज सकाळी ते उघडणारे हात कामगारांचे होते. उलट मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ मध्ये सुरू होऊन २०१५ च्या मार्चअखेर बंद झालं. अरुण कोलटकर बसायचे ते काळा घोड्याचं वेसाइड इन त्याच्याही आधी गेलं. तिथे हळहळणाऱ्यांत आमच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं होती.

मग कुणीतरी म्हणालं, मग डेक्कनचं गुडलक कॅफे कसं टिकलं, १९३५ पासून? वैशाली-रूपाली या हॉटेलांबाहेर रविवारी रांग कशी? माझं उत्तर असं की तिथे टेबल रिकामं राहत नाही. आणि रांगेत उभं राहायला लोक तयार असतात, कारण ते तिथे आजही जातात. आम्ही आमच्या इराण्याकडे जात नव्हतो.

तिसरा पर्याय: एक संध्याकाळ. हॉल घ्यायचा, टेबलं मांडायची, बन मस्का, ऑम्लेट, चहा. आणि बिअर. बिअरवरून जे झालं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. एक दिवसाचा परवाना काढता येतो, कोण काढणार यावर बोलणं चालू होतं. आमच्या वर्गातली एक मैत्रीण, आता वकील, तोवर गप्प होती. ती म्हणाली, "तुमच्या सगळ्या आठवणी माळ्यावरच्या आहेत रे. आम्ही जिन्याच्या वर कधी आलो?"

खरंच, त्या काळी मुली खाली फॅमिली रूममध्ये बसायच्या. पडदा असलेल्या त्या तीन कप्प्यांत. तिथे अर्धा तास झाला की मामा पडदा सारून "अजून काय?" विचारायचे. आम्हाला दोन तास, त्यांना अर्धा. तिच्या आठवणीतलं हॉटेल म्हणजे पंख्याखालचा गुदमरा आणि बाहेरून येणारं आमचं हसणं. तिनेही वीस हजार दिले होते. का, विचारलं तर म्हणाली, "क्रीम रोलसाठी. बाकी तुम्ही ठरवा."

चौथा पर्याय मीच आणला, आणि तो कागदांतून आला. शेठांच्या मुलीने मदत म्हणून जुने हिशेब चाळायला दिले होते, वारसांमधल्या वाटपासाठी. त्यात ग्रॅच्युइटीचा, म्हणजे कामगार निघताना मालकाने नोकरीच्या वर्षांप्रमाणे द्यायच्या रकमेचा, मागमूस नव्हता. तेव्हाचा १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक कामगार असले की लागू व्हायचा आणि एकदा लागू झाला की पुढे संख्या दहाखाली आली तरी सुटत नसे. १९९० च्या सुमारास इथे चौदा माणसं होती. शेवटी उरलेले सहा. मामांचा शेवटचा पगार तेरा हजार. सव्वीस दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांचे साडेसात हजार, गुणिले चौतीस वर्षं: २,५५,०००. त्यांना निघताना मिळालं होतं एका महिन्याच्या पगाराचं पाकीट.

काय केलं

मार्चमध्ये बैठक झाली. मतदान वगैरे नाही, पण मी प्रत्येकाला लेखी विचारलं: हॉटेल काढणं होणार नाही, एक संध्याकाळ होईल, उरलेलं कामगारांना जाईल; पटत नसेल तर वीस हजार परत घ्या. सात जणांनी परत घेतले. त्यांनी हॉटेलासाठी दिले होते, हॉटेल होत नव्हतं. त्यांची बाजू पूर्ण बरोबर होती आणि ग्रुपवर त्यांना जे बोललं गेलं ते चूक होतं.

खरा वाद ग्रॅच्युइटीवर झाला. बहुतेकांचं म्हणणं, आपण आपल्या पैशातून भरून टाकू, कशाला त्या बाईंना त्रास. मी नाही म्हटलं. ग्रॅच्युइटी हे भागीदारीचं देणं आहे. आम्ही ते भरलं तर मामांचा हक्क आमची दया होणार आणि सात वारसांची जबाबदारी आम्ही उगाच उचलणार. दोन्ही पैसे वेगळे ठेवायचे. मी एकटाच बाईंकडे गेलो आणि हिशेबाचा कागद ठेवला. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. "पप्पांना हे माहीत होतं का?" मी म्हटलं, माहीत नसावं. खरं सांगायचं तर तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. चाळीस वर्षं धंदा करणाऱ्या माणसाला माहीत असतं.

इतर वारसांशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दोन महिने त्यांनी माझा फोन घेतला नाही, एवढं ठाऊक आहे.

दरम्यान टेबलांचा शोध. फर्निचर एका भंगारवाल्याने एकगठ्ठा उचललं होतं. एका मित्राला रविवारच्या जुन्या बाजारात खुर्च्या दिसल्या, त्यावरून माग काढत काढत चार टेबलं मिळाली. बारा हजाराला एक, ४८,०००. तीन नंबर कुठलं ते ओळखायची खूण माझ्याकडे होती: कडेला संगमरवराचा टवका गेलेला, त्यात आम्ही काडेपेटीच्या काड्या खोचायचो. चारांपैकी दोन टेबलांना टवके होते. मी एकाला माझं म्हटलं, दुसऱ्याने दुसऱ्याला.

संध्याकाळ सप्टेंबरमध्ये झाली, बिअरशिवाय. कॉलेजच्या जिमखान्याचा हॉल, घरचे धरून दीडशेच्या वर माणसं, खर्च १,१२,०००. मामा राजापूरहून आले. त्यांना आम्ही पाहुणे म्हणून बसवलं होतं. दहा मिनिटांनी ते आत जाऊन चहावाल्याला पाणी कमी करायला सांगत होते. हृदयरोगतज्ज्ञाला बघून म्हणाले, "मोरीजवळचा ना तू?" पण मला म्हणाले, "कसे आहात साहेब?" हे मला लागलं.

चहा प्यायल्यावर दोघा-तिघांनी तक्रार केली, चव ती नाही. मामा म्हणाले, "चहा तोच आहे. तुम्ही साखर सोडलीत."

निष्पत्ती

इमारतीची रक्कम नोव्हेंबरात आली आणि बाईंनी ग्रॅच्युइटी दिली. मामांना पूर्ण. आचारी आणि आणखी दोघांना त्यांच्या वर्षांप्रमाणे. एकूण सहापैकी चौघे सापडले. वरच्या मजल्यावर काम करणारे दोघे भाऊ, उत्तराखंडातल्या कर्णप्रयागकडचे, लॉकडाऊनमध्ये गावी गेले ते गेलेच. त्यांच्या वाट्याची रक्कम बाईंनी वेगळी ठेवली आहे, असं त्या सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

नाव कुणीच वापरलं नाही. तिथे आता सात मजली इमारत आहे, तळाला मोबाइलचं दुकान. चार टेबलांपैकी एक शेठांच्या मुलीकडे, एक कॉलेजच्या ग्रंथालयात, एक वकील मैत्रिणीने नेलं. एक माझ्या ऑफिसात आहे. ते डुगडुगतं, म्हणून त्यावर कुणी फाइल ठेवत नाही.

एका मित्राच्या मुलीने मामा आणि बाई यांची तासा-तासाची मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली. त्यात मामांनी सांगितलंय की कोरडं टेबल पुसायला त्यांना शेठ सांगत नसत. ते स्वतःहून पुसायचे, कारण टेबल उठलं तरच टिप मिळायची.

आता असतं तर

पैसे गोळा करण्याआधी मी दोन फोन केले असते, एक मालकांना आणि एक मामांना. दुसरा तर आम्ही मार्चपर्यंत केलाच नव्हता. दोनशे बारा जणांत एकालाही त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. नंबर शेठांच्या मुलीने दिला.

खात्याचंही तेच. दोघांच्या सहीचं वेगळं खातं आणि अर्धं पान हेतू, एवढं पुरेसं होतं. त्या बिचाऱ्या मित्राला त्या वर्षीच्या विवरणपत्राबरोबर अडतीस नोंदींचं स्पष्टीकरण तयार ठेवावं लागलं. ते मी फुकट करून दिलं, शिक्षा म्हणून.

वकील मैत्रिणीचं म्हणणं मी सुरुवातीलाच मागितलं असतं. ती बोलेपर्यंत आम्ही एका हॉटेलाबद्दल बोलतोय असं आम्हाला वाटत होतं. दोन हॉटेलं होती. तिच्या हॉटेलाला बंद पडायची हरकत नव्हती.

ग्रॅच्युइटी वेगळी ठेवायचा आग्रह मी पुन्हा धरेन. मात्र त्या बाईंकडे एकटा जाणार नाही. हिशेबाचा कागद घेऊन आलेला सीए कुणालाही आयकरवाल्यासारखाच दिसतो.

सगळ्यात वाईट चूक त्या संध्याकाळी झाली. सात जणांचे १,४०,००० परत गेल्यावर, कार्यक्रम आणि टेबलं वजा जाता खात्यात ४,६०,००० होते. कामगार सहा. प्रत्येकी पाऊण लाखाच्या थोडं वर. मामांनी चहा ओतला, हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि एका मित्राने माईक घेऊन जाहीर केलं, प्रत्येकाला एक-एक लाख. मी त्याच्या शेजारी उभा होतो. मनातल्या मनात भागाकार झाला होता, सहा जणांना लाख-लाख पुरत नाहीत हे दिसत होतं. तरी मीही टाळ्या वाजवल्या. हजर चौघांना चार लाख गेले.

उरले साठ हजार. ते अजून खात्यात आहेत. दोघा भावांपैकी एकाचा जो नंबर आहे तो सेवेत नाही. आचाऱ्याच्या गावातून कुणीतरी यात्रेच्या दिवसांत तिकडे जातं, त्याच्याकडे निरोप दिलाय. दोघे सापडले तर लाख-लाख द्यायला १,४०,००० कमी पडतात. परत गेले होते नेमके तेवढेच. त्या सातांना मी याबद्दल काही कळवलेलं नाही. पण त्यांच्यातल्या एकाने गेल्या आठवड्यात आपणहून फोन केला आणि विचारलं, ते कर्णप्रयागवाले लागले का हाताला?